अंडी वाचवायलाही परवाना?

‘घडियालाची अंडी वाचवायला परवाना कशाला?’ असे आपण विचारले आहे. (घडियाल म्हणजे नदीत राहणारा, लांब जबड्याचा मगरीच्या जातीचा प्राणी.) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणेही येते, त्यामुळे हेतू कितीही चांगला असला तरी कलम १२ खालील परवान्याशिवाय ती उचलता येत नाहीत. आम्ही ग्वाल्हेरकर मुरैन्याजवळच्या देवरी येथील घडियाल संगोपन केंद्रात पेन्सिलीसारख्या निमुळत्या जबड्यांची पिल्ले पाहून हरखतो खरे, पण वाळूतून काढताना अंडे नुसते उलटे झाले तरी आतला गर्भ मरू शकतो, आणि म्हणूनच अंडी कोण आणि कशी हाताळणार याची आधी विचारपूस होणे मला योग्यच वाटते. माझी तक्रार वेगळी आहे: चंबळ अभयारण्य मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात विभागलेले असल्याने एकाच नदीच्या अभ्यासासाठी तीन वनखात्यांकडे अर्ज करावे लागतात, आणि घडियालाला मात्र राज्याची सीमा ठाऊक नसते.