मदत हवी: लेव्हल ५ ला आघाडीवर कोण, बार्बेरियन की बॅटल मास्टर?

नमस्कार मंडळी,

डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, रोल-प्लेइंग गेम) नवीन कॅम्पेन लेव्हल ५ पासून सुरू होतंय, नियम २०१४चे. गटात क्लेरिक, विझार्ड आणि रोग आहेत, त्यामुळे पुढे उभं राहायचं काम माझ्याकडे आलंय. दोन पात्रं तयार आहेत: एक बार्बेरियन, दुसरा बॅटल मास्टर (फायटरचा उपप्रकार). दोन्ही व्हेरियंट ह्यूमन, पहिल्या लेव्हललाच ग्रेट वेपन मास्टर हे फीट, म्हणजे जादा कौशल्य (टु हिट −५, डॅमेज +१०), स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड.

समोरच्याचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १६ धरला, क्रिट (२० पडल्यावरचं जादा डॅमेज) सोडून दिले. रेज (डॅमेज वाढतं, मार कमी लागतो) आणि रेकलेस अटॅक (आपल्याला अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन डाय टाकून मोठा घ्यायचा, पण शत्रूलाही तोच) चालू असलेला बार्बेरियन −५ घेऊनही ५८ टक्के वेळा लागतो, लागलेल्या दर वाराला २३, म्हणजे राउंडच्या दोन वारांत सरासरी २६.६. फायटरला अॅडव्हान्टेज नाही, म्हणून ३५ टक्केच. ग्रेट वेपन फायटिंग स्टाइल धरून त्याचे होतात १५.६, आणि −५ न घेता साधा वार केला तर १४.८. एवढ्यासाठी फीट घालवायचं?

पण इथेच थांबणं मला पटत नाही. बॅटल मास्टरच्या प्रिसिजन अटॅकचे (टु हिटमध्ये डायचा आकडा मिळवायचा) ४ डी८, म्हणजे आठ बाजूंचे डाय, यात आलेच नाहीत. वार १ ते ४ ने हुकला तरच डाय टाकायचा असं ठरवलं, तर ८१ टक्के वेळा तो लागतो, म्हणजे एका डायमागे साधारण १८ डॅमेज. दिवसात एक शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती, वापरलेले डाय परत मिळतात) मिळाली की ८ डाय आणि २ अॅक्शन सर्ज (त्या राउंडला आणखी दोन वार), मिळून १७५ च्या आसपास. राउंडला ११ चा फरक यातून सुमारे १६ राउंड भरून निघतो. आमच्या डीएमकडे (खेळ चालवणारा) दिवसाला चार-पाच लढाया होतात, म्हणजे अगदी काठावरचं गणित आहे. बार्बेरियनला रेज ३ च, लाँग रेस्टशिवाय परत नाहीत. रेज संपल्यावरही रेकलेसवर २४ निघतात, पण तेव्हा शत्रूच्या अॅडव्हान्टेजचा सगळा मार पूर्ण अंगावर येतो, आणि क्लेरिकचे स्पेल स्लॉट माझ्यावरच संपावेत असं मला वाटत नाही.

अडचण अशी की १ ते ४ ने हुकणं दर पाच वारांत एकदाच होतं. १६ राउंडांत आठही डाय खरंच वापरून होतात का? शिवाय डीएम एसी सांगत नाही, मग पहिल्या राउंडला अंदाज कसा बांधता? आणि डाय उरणारच असतील तर ट्रिप अटॅकवर (शत्रूला पाडणं) खर्च केलेले बरे का, म्हणजे रोगलाही अॅडव्हान्टेज मिळेल?

बॅटल मास्टर लांब पल्ल्याच्या दिवसांत खेळवलेला कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. हेक्सब्लेड, पॅलाडिन वगैरे नकोत, डीएमने फक्त प्लेअर्स हँडबुक ठेवलंय आणि पॅलाडिन मला खेळायचा नाही.