एप्रिल-मे मधलं स्की-टूरिंग (स्कीवरच डोंगर चढायचा, मग घसरत उतरायचं): तुम्ही कुठून परत फिरलात?

सुरुवात माझ्यापासून. मे महिना, अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखी, वर्म फ्लोज नावाची वाट. गाडीपासून माथ्यापर्यंत साधारण १,७०० मीटर चढ. पहाटे तीनला निघालो तेव्हा आभाळ भरलेलं, हवा उबदार. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. रात्री आभाळ मोकळं नसलं की बर्फातली ऊब आत कोंडून राहते आणि तो गोठतच नाही. सात वाजायच्या आत काठी कोपरापर्यंत आत जाऊ लागली. वरून बर्फाचे गोळे घरंगळत होते, आधी लाडवाएवढे, मग कलिंगडाएवढे; ओला बर्फ उतारावरून सुटू शकतो याची ही खूण. माथा समोर दिसत होता. मित्र म्हणाला, "तासाभराचंच काम आहे." म्हटलं, उतरायचंय याच उतारावरून. गाडीत चहा होईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

तुमचंही लिहा. फोटो नसले तरी चालतील, वेळा मात्र लिहा.

डेन्व्हरहून: आमच्याकडे वसंतात वाळवंटातली धूळ येऊन बर्फावर बसते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, मळका ते पितो. ज्या उतारावर गेल्या वर्षी दहापर्यंत छान दाणेदार बर्फ मिळाला, तिथे यंदा साडेआठलाच खिचडी. फिरलो मागे. डोंगर यंदाचा, माझं वेळापत्रक गेल्या वर्षीचं.

झुरिकहून: ओत रूटचा (आल्प्समधली अनेक दिवसांची स्कीवाट) शेवटचा दिवस, व्हिन्येत हट ते झरमॅट, मध्ये तीन खिंडी. बर्फ दगडासारखा घट्ट, पण पहिल्या खिंडीपाशी धुक्यात स्कीची टोकं दिसेनात. जीपीएस होतं, त्याला हिमनदीतल्या भेगा दिसत नाहीत. खाली आरोला गावात उतरून बस पकडली. आमच्यातले दोघे अजून म्हणतात, दुपारी उघडलं असतं. उघडलंही होतं.

पोर्टलंडहून: मी नाही फिरलो. सेंट हेलेन्सचाच माथा. तो म्हणजे १९८० च्या उद्रेकात उघड्या पडलेल्या विवराची कड, आणि वाऱ्याने बर्फ त्या कडेबाहेर लोंबत असतो. वरून अगदी अंगण वाटतं. फोटोसाठी पुढे गेलो, वळून पाहिलं तर माझ्या पावलांच्या मागे बर्फात बारीक भेग. पोटावर सरपटत परतलो.

पुण्याहून: माझा फक्त सोलंगचा बेसिक कोर्स झालाय. बाराच्या आत खाली, हा नियम सगळीकडे लागू पडतो का?

धागाकर्ता: उताराचं तोंड कुठे आहे ते बघ. पूर्वेच्या उताराला बारा म्हणजे फार उशीर, पश्चिमेचा तेव्हा कुठे मऊ व्हायला लागतो.

सिअ‍ॅटलहून: वर उल्लेखलेला मित्र मीच. चहा नव्हता, कॉफी होती. आणि मी चाळीस मिनिटं म्हणालो होतो.