शिबिरातले ‘आफ्रिकन मुखवटे’: पटतं का तुम्हाला?

मातीवाली:
आमच्या इथल्या उन्हाळी शिबिरात आठवी-नववीच्या मुलांनी शाडूचे मुखवटे केले. सगळ्यांखाली एकच चिठ्ठी: ‘आफ्रिका’. कोणाचा, कशासाठी, काही नाही. याला मी रंगरंगोटी म्हणते. सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचा सोवेई मुखवटा घ्या. काळाकुळकुळीत, मानेला वळ्या, तोंड इवलंसं, वर केसांची भरगच्च रचना. मुली वयात येतात तेव्हाच्या विधीत सांदे मंडळाच्या बायका तो घालून नाचतात. आफ्रिकेत मुखवटे घालणारे बहुतेक पुरुषच, म्हणून हा खास. सांगायला पाच मिनिटं लागतात हो!

उनाड कुंचला:
पोरं मोबाइल सोडून मातीत हात घालतायत, घालू द्या की. पिकासोनं १९०७ मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात असे मुखवटे पाहिले, त्यानं कुठे गावं विचारली?

मातीवाली:
तेच तर! परक्यांच्या वस्तू युरोपात कशा पोचल्या, हेही कोणी विचारलं नाही. १८९७ मध्ये इंग्रजांनी आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं. तिथल्या राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९७७ च्या लागोसमधल्या आफ्रिकी कला महोत्सवाचं बोधचिन्हच तो होता, तरी नायजेरियाला उसनासुद्धा मिळाला नाही.

उनाड कुंचला:
बरं, पण सोवेई विधीतला ना? मग तुमच्याच हिशेबानं मुलांनी त्याला हातच लावायला नको.

भट्टीवाला:
मातीचं कोणी बोलतच नाही. आफ्रिकेतले मुखवटे बहुतेक लाकडाचे. मातीच हवी तर नायजेरियातली नोक शिल्पं दाखवा, दोन हजार वर्षांहून जुनी, भाजलेली. डोळे त्रिकोणी, बुबुळाच्या जागी आरपार भोक. आणि नाक नुसतं चिकटवू देऊ नका. दोन्हीकडे खरवडून मधे पातळ माती लावा, नाहीतर वाळताना गळतंच.

जव्हारकर:
आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवात, मुखवट्याची आधी पूजा होते, मग सोंग नाचतं. तोच कोणी ‘ट्रायबल पीस’ म्हणून हॉटेलात टांगला की डोकं फिरतं. पोरांनी बघून आपल्या मनाचा केला तर माझी हरकत नाही. खाली नुसतं ‘आदिवासी’ लिहिलं तर आहे.

मातीवाली:
विधीतला हुबेहूब करू नये, हे मलाही मान्य. बघावा, समजून घ्यावा, मग स्वतःचा घडवावा.

उनाड कुंचला:
चिठ्ठीचं ठीक आहे, बदला. इतिहासाचा तास मात्र मुखवटे वाळत घातल्यावर घ्या. आधी घेतलात तर निम्मी पोरं क्रिकेटला पळतील.