मदत हवी आहे: लोड टेस्टमध्ये सर्व्हर पास, निकालाच्या दिवशी नापास

संत्रानगरी:
नागपुरातल्या एका कॉलेजची निकालाची साइट आहे. एकच सर्व्हर, त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पानं तयार करणाऱ्या पीएचपी प्रोसेस), मायएसक्यूएल (डेटाबेस). फास्टसीजीआय कॅश चालू, म्हणजे एकदा तयार झालेलं पान एनजिनएक्स साठवून ठेवतं. जेमीटरमध्ये (बनावट गर्दी पाठवून सर्व्हर तपासायचं टूल) ५०० थ्रेड (म्हणजे बनावट वापरकर्ते), टायमर (दोन रिक्वेस्टमधला थांबा) नाही, निकालाच्या पानावर १० मिनिटं मारा केला. सरासरी १८० मिलिसेकंद, एरर शून्य. प्रत्यक्ष निकाल लागला की मात्र ५०४ (उत्तर वेळेत न आल्याची एरर) सुरू. लॉगप्रमाणे तेव्हा मिनिटाला ६०० नवे लोक येतात, प्रत्येक जण साधारण दीड मिनिट टिकतो. थ्रेड २,००० करून बघू का?

फुटाळा_पिंग:
नका करू भाऊ. तुमचेच आकडे बघा: ५०० भागिले ०.१८, म्हणजे सेकंदाला २,७०० च्या वर रिक्वेस्ट. एका मशीनवरचं पीएचपी, तेही डेटाबेसला विचारून, सहसा एवढं देत नाही. सगळ्या थ्रेडना एकच रोल नंबर दिलेला दिसतो. पहिलं उत्तर कॅशमध्ये गेलं, पुढची एनजिनएक्सनं परस्पर वाटली.

सीएसव्ही डेटा सेट कॉन्फिगमधून (थ्रेडना फाइलमधली वेगवेगळी माहिती देणारा जेमीटरचा भाग) अख्ख्या बॅचचे रोल नंबर द्या (खऱ्या पोरांचे नकोत, डेटाबेसच्या प्रतीत बनवून भरा). थोडे चुकीचेही टाका, घाईत लोक चुकतातच. एकच निकाल तीन-तीनदा रिफ्रेश करणारे हवेत. पानांमधला थांबा ॲक्सेस लॉगमधल्या अंतरांवरून काढा. सरसकट ५ सेकंद दिले की सगळे थ्रेड कवायतीसारखे एकदम पाऊल टाकतात.

खरी गोम पुढे आहे. थ्रेडची संख्या ठरलेली असली की सर्व्हर मंदावल्यावर थ्रेडही उत्तराची वाट बघत बसतात, मारा आपोआप कमी होतो. पोरं तशी थांबत नाहीत, नवी येतच राहतात. म्हणून येण्याचा वेग बांधा. के६ मध्ये (जेमीटरसारखंच टूल) रॅम्पिंग-अरायव्हल-रेट (ठरलेल्या वेगानं नवे वापरकर्ते पाठवणारा पर्याय) घ्या: ३० सेकंदांत शून्यावरून सेकंदाला १० सेशन, म्हणजे भेटी (मिनिटाला ६०० म्हणजे तेवढ्याच), १० मिनिटं तसंच, मग २०. १० गुणिले ९० म्हणजे एका वेळी ९०० जण, २० ला १,८००. मॅक्स-व्हीयू (एका वेळचे जास्तीत जास्त बनावट वापरकर्ते) २,५०० ठेवा. ड्रॉप्ड इटरेशन्स (सुरूच न झालेली सेशन) दिसले तर ठरवलेला मारा झालाच नाही असं समजा. सरासरी सोडा, पी९५ (१०० पैकी ९५ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात उरकतात ती वेळ) बघा.

संत्रानगरी:
केलं. आता ५०३ ('सेवा सध्या उपलब्ध नाही' ही एरर) येताहेत, सीपीयू १५ टक्क्यांवर!

हिंगणा_रोड:
एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये 'लिमिटिंग रिक्वेस्ट्स' शोधा. लिमिट_रेक (एनजिनएक्समधली रिक्वेस्टच्या वेगावरची मर्यादा) बहुतेक ठिकाणी आयपीवर लावलेला असतो आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ५०३ देतो. तुमचा सगळा मारा एकाच आयपीवरून. एनजिनएक्समधल्या जिओ आणि मॅप या सेटिंग वापरून टेस्ट मशीनसाठी की (ज्यावरून मोजणी होते ती, इथे आयपी) रिकामी करा, रिकामी की मोजली जात नाही. मर्यादा मात्र एकदा तपासाच. हॉस्टेलच्या वायफायवरची दोनशे पोरं सर्व्हरला एकच आयपी दिसतात.

५०४ साठी पीएम.मॅक्स_चिल्ड्रन (पीएचपीच्या एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस) बघा. कितीतरी ठिकाणी मूळचे ५ तसेच राहतात. एका पानाला अर्धा सेकंद लागला तर ५ प्रोसेस सेकंदाला १० पानं देणार, आणि तुमच्या १० सेशनना प्रत्येकी तीन-चार हवीत. वाढवताना एका प्रोसेसची मेमरी गुणून बघा, नाहीतर स्वॅप (मेमरी संपून संथ डिस्कचा वापर) सुरू होईल. आणि एक्सप्लेनमध्ये (मायएसक्यूएल क्वेरी कशी चालवतं ते दाखवणारी आज्ञा) टाइप 'ऑल', म्हणजे अख्खं टेबल वाचलं जातंय असं दिसलं तर आधी रोल नंबरवर इंडेक्स लावा, बाकी सगळं नंतर.