मदत हवी आहे: पोलिसांनी टॅबवर काढलेला फोटो त्यांच्या यंत्रणेतून काढून टाकायचा कसा?

ताम्हण
घाईत लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला रात्री नाकाबंदीत अडवलं. गाडीचे कागद, लायसन्स, सगळं जागेवर होतं. तरी हेल्मेट काढायला लावून टॅबवर समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढले. कशाला म्हणून विचारलं तर "सिस्टिममध्ये बघायचंय" एवढंच उत्तर. आता त्याला नोकरी लागलीय आणि कंपनीने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितलाय. हा फोटो गुन्हेगारांच्या यादीत जाऊन बसला असेल तर? तो काढून टाकण्यासाठी अर्ज कुठे आणि कोणाच्या नावे करायचा, तेवढं सांगा. "वकील गाठा" असं कृपया लिहू नका, तो पर्याय आम्हालाही माहीत आहे.

सातबारा
आधी हे सांगा: राज्य कोणतं? वाहतूक पोलीस होते की ठाण्याचे? भावाचं वय? नुसते फोटो घेतले की बोटांचे ठसेही? कुठे सही घेतली? तिथूनच सोडलं की ठाण्यात नेलं? यावर उत्तर पूर्ण बदलतं.

ताम्हण
महाराष्ट्र. शहर आणि ठाणं लिहिणार नाही. वय २२. बाकीचं कशाला हवंय? प्रश्न फोटोचा आहे.

निळा_दिवा
ताई, मी खात्यातून निवृत्त झालोय म्हणून सांगतो, घाबरू नका. नाकाबंदीत फोटो काढला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. आपल्या राज्यात पोलिसांकडे 'अँबिस' नावाची प्रणाली आहे. तिच्यात अटक झालेल्यांचे ठसे, चेहरे, डोळ्यांची बुबुळं असतात. रस्त्यावरचा चेहरा तिच्याशी ताडून बघितला की फरार माणूस सापडतो. पूर्वी एका ठशासाठी फाइलींचे गठ्ठे उपसायला लागायचे, आणि तोवर आरोपी परराज्यात. दाखल्यासाठी ठाण्यातली नोंद आणि सीसीटीएनएसवरचे, म्हणजे देशभरातली ठाणी जोडणाऱ्या संगणक जाळ्यावरचे, गुन्हे बघतात. ज्याने काही केलं नाही त्याला भिण्याचं कारण नाही.

बिनतारी
काका, शेवटचं वाक्य पटलं नाही. चेहरा जुळवणारं सॉफ्टवेअर 'हाच तो' असं सांगत नाही. डोळे, नाक, जबडा यांवरून ते चेहऱ्याचे आकडे बनवतं आणि दुसऱ्या चेहऱ्याच्या आकड्यांशी किती जुळतात ते सांगतं. किती जुळलं म्हणजे पुरे, हे माणूस ठरवतो. माहिती अधिकारात दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये दिलेल्या उत्तरात ८० टक्क्यांच्या वर जुळलं तर ते 'जुळलं' धरतात असं होतं, आणि त्याखालचंही सरळ बाद न करता पुढच्या पडताळणीसाठी ठेवतात असंही होतं. अमेरिकेत डेट्रॉइटला जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स या गृहस्थांना घड्याळचोरीसाठी घरासमोर, बायको-मुलींच्या देखत अटक झाली. दुकानातल्या अंधुक चित्राशी यंत्राने त्यांच्या जुन्या लायसन्सचा फोटो जुळवला होता. त्यांनी काहीच केलं नव्हतं.

आणि ताम्हण, एक लक्षात घ्या. फोटो पुसला म्हणजे काम झालं असं नाही. त्यावरून बनवलेले आकडे वेगळे साठवता येतात. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

खटाटोप
या कॅमेऱ्यांचा मला आलेला अनुभव सांगतो. माझ्या गाडीचा नंबर लावून दुसराच कोणी फिरतोय. जिथे मी आयुष्यात गेलो नाही तिथली ई-चलनं मला येतात. चलनातल्या फोटोत गाडीचा रंगही वेगळा दिसतो, तरी यंत्राने नंबर वाचला की विषय संपला. तक्रार केली तर म्हणतात दंड भरून टाका, छोटी रक्कम आहे. रक्कम छोटी असेल, पण मी तिथे नव्हतो हे मलाच सिद्ध करायला लावतात! कोणाला उपाय माहीत आहे का?

सातबारा
खटाटोप, चलनातला फोटो, तुमच्या गाडीचे फोटो आणि आरसी जोडून बनावट नंबरप्लेटची लेखी तक्रार ठाण्यात द्या, ई-चलनाच्या पोर्टलवरही तक्रार टाका. पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

ताम्हण, ठशांचं उत्तर राहिलं.

मोगरी
आमच्या सोसायटीत समोरच्यांनी कॅमेरा बरोब्बर आमच्या दारावर लावलाय. मी घरातच कॅमेरे लावून घेतले, रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवते. तुमच्या भावालाही हेल्मेटवर कॅमेरा लावायला सांगा, पुढच्या वेळी पुरावा राहील.

ताम्हण
मोगरी, पुढच्या वेळचं नाही विचारलं मी.

सातबारा, ठसे घेतले होते. फोटो काढल्यावर टॅबवर काहीतरी आलं, म्हणून त्याला आणि मित्राला ठाण्यात नेलं. पहाटेपर्यंत बसवून ठेवलं. दहा बोटांचे ठसे मशीनवर घेतले, एका कागदावर सही घेतली आणि सोडलं. गुन्हा वगैरे काही नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नव्हते.

निळा_दिवा
ताई, मग मी वर लिहिलेलं तुमच्या बाबतीत पुरेसं नाही. ठाण्यात नेलं म्हणजे स्टेशन डायरीत नोंद असणार, आणि ती कोणत्या कलमाखाली आहे त्यावर सगळं आलं. रात्रीच्या वेळी संशयास्पद स्थितीत सापडला म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ लावतात, किंवा प्रतिबंधक म्हणून आत घेतात. दाखल्याच्या वेळी ही नोंद कोणी बघितली तर प्रश्न विचारू शकतात. सही केलेल्या कागदाची प्रत आहे का?

हक्कसोड_नाही
ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं. राज्यघटनेच्या कलम २०(३)चा सरळ भंग आहे. थेट उच्च न्यायालयात जा. शिवाय २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात माहिती पुसून मागण्याचा अधिकार मिळालाय.

कोरा_कागद
हक्कसोड_नाही, तुमची कळकळ पोचली, पण दोन्ही मुद्दे इथे टिकणार नाहीत. ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' खटल्यात ठरवलं. आणि २०२३च्या कायद्यात गुन्ह्याचा तपास किंवा प्रतिबंध यासाठी वापरलेल्या माहितीला सूट आहे. पुसून मागण्याचा अधिकार पोलिसांपुढे चालवायला गेलात तर याच सुटीवर बोट ठेवतील.

इथे कामाचा आहे तो फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२. १९२०चा कायदा रद्द करून हा आणला. यात ठसे, तळवे, फोटो, बुबुळं, सही, अक्षर हे सगळं 'मापं' या एका शब्दात बसवलंय. मापं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जातात आणि ७५ वर्षं राहतात. २२ वर्षांच्या मुलाचे ठसे म्हणजे जवळजवळ जन्मभर. पण मापं कोणाची घ्यायची याला मर्यादा आहे: शिक्षा झालेला, अटक झालेला, स्थानबद्ध केलेला, चांगल्या वर्तनाचा जामीन द्यायचा आदेश झालेला. बाकी कोणाचीही घ्यायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. रस्त्याने जाणारा माणूस यात कुठेच बसत नाही.

निळा_दिवा
नियम सगळे बरोबर. पण रात्री दोन वाजता चौकात उभ्या असलेल्या शिपायाने काय करायचं? समोरचा खरा कोण आहे हे कळायला त्याच्या हातात काहीतरी हवंच.

बिनतारी
काका, त्या शिपायाशी माझं भांडण नाही. ताडून बघितलं, जुळलं नाही, तर चेहरा तिथेच पुसला जातो का? जर्मनीच्या घटना न्यायालयाने गाड्यांचे नंबर वाचणाऱ्या यंत्रांबद्दल २००८ मध्ये हाच निकष लावला होता: न जुळलेला नंबर ताबडतोब पुसायचा. आपल्याकडे चौकातल्या फोटोसाठी असा नियम मला दाखवा, मी गप्प बसतो. हैदराबादमध्ये २०२१ साली टाळेबंदीत एस. क्यू. मसूद यांना असंच अडवून, मास्क काढायला लावून टॅबवर फोटो काढला होता. कोणत्या कायद्याने, हे विचारत ते तेलंगणा उच्च न्यायालयात गेले.

कोरा_कागद
त्या प्रश्नाची मुळं जुनी आहेत. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांना दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडलं, तरी पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट उघडून पाळत ठेवली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री दार ठोठावणं तेवढं बंद केलं, बाकीची पाळत चालू दिली. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं नऊ न्यायाधीशांनी एकमताने म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. आता सरकारला कायदा दाखवावा लागतो, हेतू दाखवावा लागतो, आणि केलेली कृती त्या हेतूच्या प्रमाणात आहे हेही. "सिस्टिममध्ये बघायचंय" यात तिन्हीपैकी एकही नाही.

ताम्हण
मी इतिहास वाचू की अर्ज लिहू? भावाने मोबाइलमध्ये शोधलं, त्या कागदाचा फोटो त्याच्या मित्राने काढून ठेवला होता. त्यावर "भा.ना.सु.सं. कलम १७० प्रमाणे" असं हाताने लिहिलंय. दुसरं कलम नाही. याचा अर्थ काय?

कोरा_कागद
अर्थ चांगला आहे. तो फोटो आधी दोन ठिकाणी जपून ठेवा. भा.ना.सु.सं. म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि तिचं १७० म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५१. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून केलेली अटक, तीही २४ तासांपुरती. २०२२च्या ओळख कायद्याचे जे नियम त्याच वर्षी आले त्यांत स्पष्ट म्हटलंय की कलम १५१ खाली अटक केलेल्याची मापं घ्यायची नाहीत, दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात आरोप किंवा अटक असेल तरच घ्यायची. कागदावर फक्त १७० असेल तर ठसे घ्यायलाच नको होते. शिवाय ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही आणि जो खटल्याविना सुटला, त्याच्या नोंदी नष्ट करायच्या, असं कायद्याचं कलम ४ सांगतं, न्यायालयाने कारणं लिहून वेगळा आदेश दिला नसेल तर. त्या आपोआप नष्ट होतील अशा भरवशावर राहू नका. नियमांप्रमाणे मागणी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची, तो खात्री करून राष्ट्रीय विभागाला कळवतो.

सातबारा
त्यासोबत माहिती अधिकाराचा अर्ज हवाच. दहा रुपयांचं काम आहे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून पाल्हाळ नको. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतली नोंद, ठसे व फोटो कोणत्या कलमाखाली घेतले, कोणत्या प्रणालीत टाकले आणि नोडल अधिकारी कोण, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

हक्कसोड_नाही
३० दिवस कशाला? जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते.

सातबारा
नोकरीचा दाखला त्यात बसत नाही. मी हा वाद जन माहिती अधिकाऱ्यासमोर घालून बघितलाय, अर्ज साधा धरला गेला. तिथे वेळ घालवू नका.

बिनतारी
अजून एक, आणि हे आजच करा. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलंय. तुमचा भाऊ पहाटेपर्यंत कुठे बसला होता, ठसे कोणी घेतले, हे त्यात असायला हवं. त्या रात्रीचं चित्रण राखून ठेवावं असा वेगळा लेखी अर्ज वरिष्ठ निरीक्षकांना द्या. कॅमेरा त्यांच्याकडेही आहे, तो तुमच्या उपयोगी का पडू नये?

मोगरी
चित्रण मागताना हार्ड डिस्क स्वतः घेऊन जावी लागते का?

निळा_दिवा
आत्ता नाही, आत्ता फक्त जपून ठेवायची मागणी करायची. ताई, अर्ज टपालाने पाठवण्यापेक्षा स्वतः जा. दोन प्रती न्या, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस आयुक्तांच्या किंवा अधीक्षकांच्या आवक शाखेत द्या. दाखल्याच्या अर्जात ही रात्र लपवू नका. विचारलं तर १७०चा कागद आणि आपल्या अर्जाची पोच दाखवायची. लपवलेली गोष्ट पुढे निघाली की नोकरी देणाऱ्याला तेवढंच कारण पुरतं. आणि हे मी खात्यातला माणूस म्हणूनच सांगतो: १७० खाली ठसे घेतले असतील तर ते चुकीचं आहे.

ताम्हण
काका, बरं वाटलं तुम्ही लिहिलंत ते. उद्या जाते. अर्ज माझ्या सहीने चालेल? त्याला पुन्हा त्या ठाण्यात पाऊल ठेवायचं नाहीये.

कोरा_कागद
माहिती अधिकाराचा अर्जही त्याच्याच नावाने करा. तुमच्या नावाने केलात तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. नोंदी नष्ट करायची मागणी आणि चित्रणाचा अर्जही त्याच्याच सहीचा. ठाण्यात नेऊन द्यायला मात्र त्याला जावं लागत नाही. एक अधिकारपत्र लिहून घ्या आणि तुम्ही जा.

खटाटोप
माझ्या चलनाचा वेगळा धागा काढलाय, कोणाला वेळ असेल तर बघा.