मदत हवी आहे: उंच कुंपणासाठी लांब दांड्याचा हेज ट्रिमर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. नेरुळला आमचं रो-हाऊस आहे. पुढच्या भिंतीलगत सासऱ्यांनी लावलेली कुंती आता चांगली नऊ फूट झालीये. पलीकडे उघडं गटार, त्यामुळे बाहेरून घोडा लावता येत नाही. गेल्या महिन्यात ह्यांनी आतून स्टुलावर चढून मोठी कात्री चालवली. स्टूल चिखलात रुतलं आणि हे थेट जास्वंदीत! लागलं नाही, पण आता स्टूल बंद.

म्हणून जमिनीवर उभं राहून वापरता येईल असा ट्रिमर बघतेय. पेट्रोलचा नको, टू-स्ट्रोकला ऑइल मिसळत बसा, शिवाय शेजारच्या आजींची दुपारची झोप. वायरवाल्याची पावसाळ्यात भीती वाटते, आणि चुकून वायरच कापली तर? राहिला बॅटरीचा. दुकानात एक हातात घेतला. चार किलोच्या आसपास, पण सगळं वजन टोकाला मोटर असल्यामुळे पुढे. दोन मिनिटांत खांदे भरून आले. पट्ट्याने फरक पडतो का?

कुंतीच्या जुन्या फांद्या अंगठ्याएवढ्या जाड आहेत. त्या आधी करवतीने काढाव्या लागतील ना? ट्रिमरचं डोकं वाकवून कुंपणाचा वरचा माथा सपाट कापता येतो म्हणतात, ते खरंच जमतं का? आणि खाडीच्या या दमट हवेत पात्याला गंज चढू नये म्हणून काय लावता?

कोणी वापरत असाल तर प्लीज सांगा. माळीदादांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, कोयता आहे की."