ऑनलाइन वर्गांनी अभ्यासाची सवय मोडली, हे मला मान्य नाही

नाशिककर (धागाकर्ती):
काल येथे एका प्राध्यापकांनी लिहिले की, मार्च २०२० नंतरच्या ऑनलाइन वर्गांनी महाविद्यालयीन मुलांची नियमित अभ्यासाची सवय मोडली. ते वाचून राहवले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे. जी सवय बहुतेकांना लागलीच नव्हती, ती मोडेल कशी? सत्रभर सबमिशनच्या फायली वरच्या वर्गातून आणून उतरवायच्या, पीएल (परीक्षेपूर्वीची अभ्यासाची सुट्टी) लागली की गाइड आणि जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायचे आणि तरीही विषय राहिला तर केटी, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन तो विषय पुन्हा द्यायचा, हीच रीत होती. ऑनलाइन वर्गांनी तिच्यावरचे हजेरीचे पांघरूण तेवढे काढले.

खडूफळा:
तो लेख माझा आहे आणि त्यातील प्रत्येक शब्दावर मी ठाम आहे. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा कुठे अडला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. पडद्यावर मला केवळ नावांचे काळे चौकोन दिसत होते. तास संपवून निरोप घेतल्यावरही काही चौकोन तसेच राहत, कारण त्यांमागे कोणी नव्हतेच. पुढे बहुपर्यायी परीक्षा आल्या आणि लिहिणेच सुटले. लेखी परीक्षा परत सुरू झाल्या, तेव्हा दीड तासात हात दुखतो म्हणून पेन खाली ठेवणारी मुले मी पर्यवेक्षक म्हणून पाहिली आहेत.

रात्रपाळी:
सर, मी भोसरीत कारखान्यात काम करून पदवी घेतली. सकाळच्या तासाला मी झोपेत असे. रेकॉर्ड केलेले व्याख्यान मात्र अडले तिथे थांबवून, मागे नेऊन, वहीत उतरवून ऐकता आले. आयुष्यात पहिल्यांदा दर आठवड्याला अभ्यास केला तो एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात, कारण तेथे दर आठवड्याची असाइनमेंट मुदतीत द्यावी लागते.

खडूफळा:
त्याच असाइनमेंटची उत्तरे टेलिग्रामवर मुदतीआधीच फिरतात, हे आपल्याला ठाऊक नसेल असे वाटत नाही. २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. त्यांतले २५ असे उचलले जातात. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम ज्यावर असतात त्या स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांना सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२१ मध्ये दिली, त्यामुळे हा प्रश्न गुणपत्रिकेपर्यंत पोहोचला आहे.

नाशिककर:
आणि जर्नल (प्रयोगवही) उतरवून मिळणारे टर्मवर्कचे, म्हणजे सत्रातील कामाचे, गुण कुठे पोहोचत होते? प्रयोग न करता निरीक्षणांचे तक्ते भरलेली जर्नले आपणच तपासून सह्या केल्या असतील. माझ्या मैत्रिणीच्या जर्नलमध्ये आदल्या वर्षाच्या मुलीची खाडाखोडही जशीच्या तशी उतरली होती, तरी त्यावर सही झाली.

खडूफळा:
व्यक्तिगत आरोप नकोत. दीडशे जर्नले दोन दिवसांत तपासायला लावणारी व्यवस्था मी निर्माण केलेली नाही, आणि रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना हा प्रश्न विचारण्यापूर्वी त्यांचे मानधन किती महिने थकते, हेही विचारावे.

सड्यावरून:
आमच्या सिंधुदुर्गातील वाडीत रेंज केवळ सड्यावर, म्हणजे उंचावरच्या उघड्या कातळावर, येत असे. पावसात छत्री धरून तास ऐकणाऱ्या माझ्या बहिणीच्या सवयींबद्दल कोणता निष्कर्ष काढावा, हे उभय पक्षांनी सांगावे.

सप्रमाण:
जर्नलचा वाद जरा बाजूला ठेवू या. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, मध्ये स्वतः आठवून लिहिलेल्यांनी त्यांना मागे टाकले. व्याख्यान दोनदा ऐकल्याने विषय कळल्यासारखा वाटतो, म्हणून वही बंद करून स्वतःला विचारणे आवश्यक आहे, मग व्याख्यान वर्गातले असो की मोबाइलवरचे.

रात्रपाळी:
प्रयोग असेल, पण मी झोपेशी झगडून शिकलो आहे. व्याख्यान पुन्हा ऐकता आले नसते, तर स्वतःला विचारायला माझ्याजवळ काही उरलेच नसते.

खडूफळा:
आपली चिकाटी मान्य आहे, आणि जर्नलच्या सह्यांबाबत धागाकर्तीचे म्हणणे नाइलाजाने मान्य करतो. यंदा प्रत्येक जर्नलमागे पाच मिनिटे तोंडी विचारणार आहे. मात्र हे मी समोर बसलेल्या मुलालाच विचारू शकतो, काळ्या चौकोनाला नाही, आणि माझा मूळ मुद्दा तोच होता.

नाशिककर:
तोंडी परीक्षा कॅमेरा सुरू ठेवूनही घेता येते, सर. त्या वेळी ती किती जणांची घेतली, एवढेच सांगावे.